एकोणचाळीस सह्या आणि एक

पंधरा फेब्रुवारी, शनिवार. काम : एकशे अठरा पाकिटं. प्रत्येकात तीन कागद, घडी एकसारखी, वर पत्त्याचं लेबल, कोपऱ्यात तिकीट, आणि सगळी पाकिटं दुपारी बाराच्या आत रस्त्याच्या टोकाच्या लाल पेटीत. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की आमच्या मराठी मंडळाची विशेष सर्वसाधारण सभा आठ मार्चला संध्याकाळी सहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये भरेल. विषय एकच : विद्यमान अध्यक्ष श्री. श्रीधर कुलकर्णी यांना पदावरून परत बोलावणे. उरलेल्या दोन कागदांवर तशी मागणी करणाऱ्या अर्जाची आणि त्याखालच्या सह्यांची फोटोकॉपी होती. श्रीधर कुलकर्णी म्हणजे माझे बाबा. पाकिटं भरत होतो मी आणि आई, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या घरात. मी सोळा वर्षांची होते.

बाबांना काढण्याची नोटीस बाबांच्याच घरून का जावी, हा प्रश्न मंडळाचे चिटणीस साठे काका यांनी दोन दिवस आधी विचारून पाहिला होता. "श्रीधर, एवढी एक नोटीस माझ्याकडून जाऊ दे. बरं दिसत नाही." बाबा म्हणाले, "मंडळाच्या नोटिसा आठ वर्षं इथून जातात. बरं दिसण्याचा काय संबंध? एकवीस दिवस आधी निघाली पाहिजे, बस." बाबा कौन्सिलमध्ये ड्रेनेज इंजिनिअर होते. पाणी उतारावरूनच जाणार, त्याला कुणाच्या मनाचं काही पडलेलं नसतं, हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं आणि घरात व मंडळात तेच चालवलं होतं. पाकिटंसुद्धा प्रत्येक सभासदाला वेगळं. एका घरात नवरा-बायको दोघे सभासद असतील तर दोन पाकिटं. "नवऱ्याला मिळाली म्हणजे बायकोला मिळाली, असं घटनेत कुठे लिहिलंय?" असं ते विचारत, आणि तिकिटं वाया जातात म्हणणारे गप्प बसत. त्यामुळे त्या दिवशी एक पाकीट 'श्री. श्रीधर कुलकर्णी' यांना आणि एक 'सौ. वसुधा कुलकर्णी' यांना, आमच्याच पत्त्यावर, आम्ही पोस्टाने पाठवणार होतो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आठ वर्षांत आम्ही सरावलो होतो.

आता हे लिहिताना त्या घराचा विचार करते तेव्हा मला पहिल्यांदा पातेली आठवतात. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे मंडळाची संपत्ती होती : मी आत बसू शकेन एवढी तीन ॲल्युमिनिअमची पातेली, वीस सतरंज्या, दोन समया, स्टेजचे मरून पडदे, थर्मोकोलचं गणपतीचं मखर आणि थंडीने सूर बिघडलेली एक हार्मोनियम. गाडी बाहेर रस्त्यावर, आणि हिवाळ्यात रोज सकाळी बाबा किटलीतलं कोमट पाणी काचेवर ओतताहेत. शनिवार हा आमच्याकडे सुट्टीचा वार नव्हताच. शनिवारी एक तर कार्यक्रम असे, नाही तर कार्यक्रमाची मीटिंग असे, नाही तर झालेल्या कार्यक्रमाचा आढावा. आढाव्याला दहा-बारा माणसं येत. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवड्याचे चार दिवस काम करून शनिवारी सकाळी सातला बटाटे उकडायला लावी. कुकरची शिट्टी, मग बैठकीच्या खोलीतून "मुद्दा क्रमांक चार", पुन्हा शिट्टी. ओल्या खोबऱ्याचा आणि कोथिंबिरीचा वास माझ्या शाळेच्या ब्लेझरला इतका चिकटलेला होता की वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, तुमचं रेस्टॉरंट आहे का. मी हो म्हणाले. ते समजावून सांगायला सोपं होतं.

कुणाचीही कसलीही तक्रार आली की बाबांचं उत्तर ठरलेलं होतं : "लेखी द्या." चहा गार होता? लेखी द्या. नाटकाला लहान मुलं रडत होती? लेखी द्या. मी एकदा पॉकेटमनी वाढवून मागितला तेव्हाही हेच ऐकलं, आणि मी खरोखर अर्ज लिहिला, तो मंजूरही झाला. आज मी एका जीपी सर्जरीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याची, मॅनेजर आहे. दिवसातून तीनदा तरी कुणाला तरी नम्रपणे सांगते, प्लीज पुट इट इन रायटिंग. त्यामुळे बाबांना मी फार हसू शकत नाही.

अर्जाचं कारण होतं दार. आदल्या दिवाळीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला बाबांनी जाहीर केलं की सहा म्हणजे सहा, नंतर दार बंद. याला कारण होतं. त्याच्या आधीच्या वर्षी 'सहा'चा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला, आणि दहाला शाळेच्या केअरटेकरने, त्याची वेळ झाली म्हणून, भैरवीच्या मध्यात दिवे घालवले होते. लोक अंधारात चपला शोधत बाहेर पडले होते. तेव्हा या वर्षी सहा वाजता बाबांनी स्वतः दाराला आतून कडी घातली आणि खुर्चीवर जाऊन बसले. आत चाळीसेक माणसं. बाहेर, थंडीत, साठ-सत्तर. त्यात पटवर्धन काका, आमच्यातले डेंटिस्ट आणि मंडळाचे संस्थापक. आणि पटवर्धन काकांच्या गाडीत, त्यांनी स्वतः स्टेशनवरून आणलेल्या गायिका. म्हणजे आतले लोक गाण्याची वाट बघताहेत, बाबा घड्याळाकडे बघताहेत, आणि गाणं बाहेर दार वाजवतंय. शेवटी केअरटेकरने मागचं दार उघडलं आणि त्या बाई तंबोरा सांभाळत स्वयंपाकघरातून, उकळत्या चहाच्या शेजारून, स्टेजवर गेल्या. गायल्या मात्र फार छान. त्यांच्यामागून आत आलेले पटवर्धन काका मध्यंतरात बाबांना म्हणाले, "श्रीधर, ही काय पद्धत झाली? मी सहा वाजून चार मिनिटांनी आलो होतो." बाबा म्हणाले, "मला माहीत आहे. मी ऐकलं तुम्हाला." आणि मग, अर्थातच, "लेखी द्या."

पटवर्धन काकांनी लेखी दिलं. मंडळाच्या घटनेत एक कलम होतं, जे तोवर कुणी वाचलं नव्हतं, फक्त बाबांनी वाचलं होतं कारण ते त्यांनीच लिहिलं होतं : एक तृतीयांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर अध्यक्षांना परत बोलावण्यासाठी सभा घ्यावी लागेल. एकशे अठरा सभासद, म्हणजे चाळीस सह्या. जानेवारीभर हेच चाललं होतं. सुपरमार्केटच्या डाळींच्या रांगेत लोक आम्हाला बघून पलीकडच्या रांगेत जायचे. पटवर्धन काकांची बायको शैला मावशी ही आईची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, पण तिचं आमच्याकडे येणं-जाणं थांबलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई तिच्याकडे गेली आणि वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची चाळणी घेऊन आली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "गेलीस कशाला?" आई म्हणाली, "हळदीकुंकवाला बोलावलं होतं, लढाईला नाही." मी पूर्णपणे बाबांच्या बाजूने होते. सोळाव्या वर्षी मला वाटत होतं की उशिरा येणाऱ्यांना थंडीत उभं करणं हा न्याय आहे, आणि बाबांना काढलं तर तो आमच्या सगळ्या घराचा अपमान. अर्ज आला, सह्या मोजल्या, चाळीस भरल्या. बाबांनी पोच दिली. म्हणून ती पाकिटं.

तर लेबलं लावत होते. माझी कामाची एक पद्धत होती, अजूनही आहे : एकाच फेरीत दोन कामं उरकायची. लेबल लावलं की अर्जावरच्या यादीत त्या नावापुढे पेन्सिलने टिक करायची. बाबांच्या विरोधात कोण कोण आहे हे मला एकदा नीट बघून ठेवायचं होतं. यादीतली नावं सगळी शैला मावशीच्या वळणदार अक्षरात होती आणि पुढे ज्याच्या त्याच्या सह्या, बहुतेक नुसत्या रेघोट्या. साडेदहाच्या सुमारास लेबलं संपली. टिका मोजल्या. एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या. एक नाव टिकेशिवाय उरलं होतं, सव्विसावं : कुमुद कुलकर्णी. मंडळात आमच्यासकट सात कुलकर्णी होते, म्हणून ते नाव कुणाच्या नजरेत आलं नसावं. पण त्या सातांत कुमुद कुणी नव्हती. मी रजिस्टर आणून तपासलं. नव्हतीच.

"आई!" मी ओरडले. "एक सही खोटी आहे! एकोणचाळीसच होताहेत. अर्जच बाद!"

आईने हातातल्या कागदाची घडी पुरी केली, नखाने दाबली, पाकिटात घातली. "चहा ठेवते," म्हणाली आणि उठली. मला वाटलं आनंद झाला असेल, पण आई आनंद दाखवण्यातली नव्हती.

मी कागद घेऊन गॅरेजमध्ये धावले. बाबा सतरंज्या मोजत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, बोट ठेवून नाव दाखवलं. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. एकच नाव, पण ते बराच वेळ वाचत होते.

"बाबा, ही कोण माहीत आहे का?"

"आहे," बाबा म्हणाले. मग हातातली सतरंजी नीट जागेवर ठेवली आणि मला म्हणाले, "चल."

स्वयंपाकघरात आई आलं किसत होती. बाबांनी कागद ओट्यावर ठेवला.

"ही तू?"

"हो."

"कधी केलीस?"

"शैलाकडे. हळदीकुंकवाला."

मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "आई, तू कुमुद कशी? तू वसुधा आहेस."

"लग्नात झाले," आई म्हणाली. "त्याआधी चोवीस वर्षं कुमुद होते. तुझ्या आजीला कुमुद नाव आवडलं नाही. ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने वसुधा लिहिलं, पेढे वाटले, झालं." आलं संपलं होतं, ती नुसतीच किसणी धुवायला लागली. मला सोळा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आजोळी तिला सगळे ताई म्हणत, पत्रंही 'चि. ताईस' अशी येत, आणि बाबा 'अगं'च्या पलीकडे कधी गेले नाहीत. मला हे आजही चमत्कारिक वाटतं की मला मंडळाच्या एकशे अठरा सभासदांची नावं, पत्ते आणि पोस्टकोड पाठ होते.

"शैला नावं लिहीत होती," आई पुढे म्हणाली. "माझ्यापाशी आली आणि कागद लपवायला लागली. मी म्हटलं, दे इकडे. ती म्हणाली, अगं, तू अध्यक्षांची बायको. मी म्हटलं, मग कुमुद लिही. तुम्ही दोघं बसून एकेक नाव ताडून बघाल, हे डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं."

"पटवर्धनांचं पटलं तुला? दाराचं?"

"दार बंद केलंत ते उत्तम केलंत. त्या पटवर्धनांना माझ्या लग्नालासुद्धा उशीर झाला असता."

"मग?"

"मग काय? आठ वर्षं शनिवार बघितलाय मी? लॅबमध्ये सीनियर व्हायचा माझा कोर्स शनिवारी असतो. दोनदा फॉर्म आणला, दोन्ही वेळा त्यावर तुमची बटाट्यांची यादी झाली."

"घरात सांगता आलं नसतं?" बाबांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "बाहेर जाऊन सही करायची?"

"घरात सांगितलं. दर वर्षी सांगितलं. तुम्ही काय म्हणालात?"

बाबांनी ओट्यावरचा कागद सरळ केला.

"लेखी द्या म्हणालात. दिलं."

चहा उतू गेला. आईने गॅस बंद केला आणि फडकं घेतलं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही त्या वेळी बरं दिसलं नसतं, म्हणून मी कामाचं बोलले. "पण बाबा, अर्ज बादच होतो ना? रजिस्टरमध्ये कुमुद नाही. नोटिसा पाठवायचीच गरज नाही."

मी हे बोलले तेव्हा आई फडकं पिळत थांबली होती. बाबांनी फक्त मान डोलावायची होती. अध्यक्षपद त्यांच्या हातात राहिलं असतं, पटवर्धनांची फजिती झाली असती, आणि आईची सही कुणाला कधी कळलीही नसती. त्यांना ते पद हवं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते. कौन्सिलमध्ये त्यांच्यामागून आलेले दोघे त्यांच्या वर गेले होते. हॉलमधल्या स्टेजवर मात्र ते सांगतील तेव्हा पडदा वर जायचा.

"सभासद कोण आहे?" बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. "ही. सही कुणी केली? हिने. मग बाद कशी? चूक असेल तर ती रजिस्टरची." मग घड्याळाकडे बघितलं. "अकरा वाजायला आले. पेटी बाराला उघडतात. पाकिटं बंद करा."

आम्ही पाकिटं बंद केली. बाबाही बसले, तिकिटं लावायला. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी ती दोन पिशव्यांत भरून नेली आणि पेटीत टाकली, आईबाबांची दोन्ही धरून.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात फार सभ्यपणा होता. बाबा "जरा मीठ मिळेल का" म्हणत. आई "हो, घ्या ना" म्हणे. मी फिजिक्सचा अभ्यास माझ्या खोलीत दार लावून केला आणि त्या वर्षी मला फिजिक्समध्ये अपेक्षेपेक्षा बरे मार्क मिळाले. बाबांच्या बाजूचे लोक फोन करून धीर देत, बाबा "बघू" म्हणून ठेवून देत. आईने शैला मावशीला भाजीवाल्याकडे गाठून काय ते सांगितलं. मावशीने कपाळाला हात लावला आणि नवऱ्याला मात्र काही सांगितलं नाही. मला शेवटपर्यंत कळत नव्हतं की मला काय व्हायला हवंय. बाबा हरावेत असं वाटायचं नाही, आणि आईचा फॉर्म पुन्हा ओट्यावर दिसला तेव्हा बाबा जिंकावेत असंही वाटेना. तो फॉर्म मी उचलून फ्रिजवर, चुंबकाखाली लावला. बटाट्यांची यादी करायला कागद हवा असेल तर दुसरा घ्यावा.

आठ मार्चला मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे सभासद पावणेसहाला हजर होते. कुणालाच बाहेर राहायचं नव्हतं. आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स. मी मागे, भिंतीला टेकून, कारण मला मत नव्हतं. घटनेप्रमाणे अध्यक्षस्थानी अध्यक्षच, म्हणजे बाबा. सहाला त्यांनी कडी घातली आणि म्हणाले, "सभा सुरू." पटवर्धन काका अर्ज वाचायला उभे राहिले, तोच साठे काका उठले. त्यांच्या हातात रजिस्टर होतं आणि चेहऱ्यावर दिवाळी. ते बाबांना न सांगता घरी बसून तेच करत होते जे मी लेबलं लावताना केलं होतं.

"हरकतीचा मुद्दा!" साठे काका म्हणाले. "या अर्जावर कुमुद कुलकर्णी अशी सही आहे. या नावाचा सभासद आपल्या मंडळात नाही. ह्या कुमुदबाईंनी उभं राहावं, म्हणजे आम्हाला दर्शन होईल."

मागून कुणीतरी म्हणालं, "दाराबाहेर राहिल्या असतील!" हॉल हसला. मग हसू थांबलं आणि दुसरंच सुरू झालं. "खोट्या सह्या!" "एकोणचाळीसच आहेत!" "पटवर्धन, उत्तर द्या!" पटवर्धन काका खरोखर गोंधळले होते. ते कागद उलटसुलट करत होते आणि शैला मावशीकडे बघत होते, आणि मावशी स्वतःच्या बांगड्यांकडे बघत होती. कुणी तरी त्यांना तोंडावर फसवे म्हणालं. ते गोरे गृहस्थ एकदम पांढरे पडले. आई पर्स बाजूला ठेवून उठायला लागली.

त्याआधीच बाबा बोलले. "शांत राहावं. सही वैध आहे. कुमुद कुलकर्णी या सभासद क्रमांक बारा. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव वसुधा असं नोंदलेलं आहे. त्या माझ्या पत्नी आहेत."

साठे काका म्हणाले, "अरे श्रीधर, काय बोलतोस? अर्ज बाद होतोय!"

"साठे, बसा."

"पण—"

"लेखी द्या," बाबा म्हणाले, आणि मग हॉल असा हसला की साठे काकांना बसावंच लागलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी पण कुठे सुशीला? मी प्रमिला." दुसरी म्हणाली, "मी शकुंतला होते, कुणाला उच्चारता येईना इथे." आईने उभं राहून "हो, मीच ती" एवढं सांगितलं आणि ती खाली बसली. बाबांनी पेन्सिलने टेबलावर दोनदा टकटक केलं. "मतदान. ठरावाच्या बाजूने हात वर."

आईचा हात सरळ वर होता. बाबांनी रांगेरांगेने, पेन्सिलचं टोक फिरवत मोजलं, आणि तिसऱ्या रांगेवरून ती पेन्सिल दुसऱ्या रांगांवरून गेली तितक्याच वेगाने गेली. मग विरुद्ध मतं मोजली. बाजूने एकसष्ट, विरुद्ध तेहेतीस, बाकीचे तटस्थ. "ठराव मंजूर," बाबा म्हणाले. "वेळ सहा वाजून बेचाळीस मिनिटं." ते स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले, कडी काढली, दार उघडलं.

पटवर्धन काका मागोमाग आले. हात पुढे करून म्हणाले, "श्रीधर, राग मानू नका. आणि ते आत्ता... ते तुम्ही केलंत, ते फार..."

"राग कसला?" बाबा म्हणाले. "पातेली कधी नेताय?"

"पातेली?"

"गॅरेजमध्ये आहेत. मखर, सतरंज्या, सगळं. आता तुम्ही बघणार ना? तुमची मागे मोठी डिकीवाली एस्टेट गाडी आहे. आजच न्या."

साडेआठपर्यंत तीन गाड्यांत सगळं गेलं. हार्मोनियम शेवटी, ती उचलताना एकदा कण्हल्यासारखी वाजली. रिकाम्या गॅरेजमध्ये बाबा मध्यभागी उभे राहिले आणि एकदा टाळी वाजवून पाहिली. आवाज घुमला. "बरीच जागा आहे की," म्हणाले. आईने पिठलं आणि भात केला, वर लसणाची फोडणी. टेबलावर कागद, लेबलं, याद्या काही नव्हतं, तीन ताटं होती फक्त. बाबांनी तीनदा भात घेतला. मग हात धुताना, पाठमोरेच, म्हणाले, "कोर्स किती शनिवार असतो?" आई म्हणाली, "तीस." "बरं," बाबा म्हणाले. त्या 'बरं'नंतर मी पिठल्याचं पातेलं बोटाने पुसून खाल्लं.

मागच्या आठवड्यात आईला हे प्रकरण फोनवर वाचून दाखवलं. तिला आता लॅबची प्रमुख म्हणून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ती म्हणाली, वाण चाळणी नव्हतं, गाळणी होतं. बाकी बरोबर आहे. मागून बाबांचा आवाज आला, पटवर्धन चार नाही, सहा मिनिटं उशिरा आला होता. मी म्हटलं, लेखी द्या.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, मी खाली आले तेव्हा बाबा कोट घालून जिन्यापाशी उभे होते. कोटाच्या खिशात त्यांना मंडळाचा रबरी शिक्का सापडला होता. तो तळहातावर धरून ते बघत होते.

"हा राहिला," म्हणाले. "देऊन येतो."

पण निघत नव्हते.

"काय झालं?"

"पटवर्धन म्हणतील बसा. चहा घ्या. मग विचारतील, गुढीपाडव्याचं कसं करायचं." शिक्का उलटा करून बघत म्हणाले, "आणि मी सांगेन."

मी शिक्का त्यांच्या हातातून घेतला, बूट घातले आणि निघाले. पटवर्धनांचं घर वीस मिनिटांवर. दाराच्या पत्रांच्या फटीतून मी शिक्का आत ढकलला. तो आतल्या फरशीवर टणकन पडला आणि गडगडत कुठे तरी गेला. आतून पटवर्धन काकांचा आवाज आला, "कोण आहे?" मी बेल वाजवली नव्हती. फाटक ओढून घेतलं आणि वळणापर्यंत पळतच सुटले.